गाडी ‘लो’ करायची, तर कुठे आणि कुणाच्या हाताने?

टायरचा वरचा काठ आणि मडगार्डची कमान यांच्यामध्ये चार बोटे सहज जातील एवढी फट असते, आणि स्पोर्ट्स कार घेणाऱ्याच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासून सलते. बोनेट लांब, छत उतरते, चाके रुंद. आणि गाडी मात्र पंजांवर उभी राहिल्यासारखी उंच. कंपनीला सगळ्या देशांतले रस्ते, पूर्ण भरलेली डिकी आणि बर्फातल्या साखळ्या एवढ्या सगळ्याची सोय पाहायची असते, म्हणून ती उंची ठेवते. मालकाला ती नको असते. मग चार आखूड, कडक स्प्रिंगांचा संच मागवला जातो आणि प्रश्न उभा राहतो : हे काम घरी करावे का?

टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या घराला दोन गाड्यांचे गॅरेज असते. पाने, जॅक, टॉर्क रेंच विकत मिळतात आणि तिथले मजुरीचे दर पाहून माणूस आपसूक स्वतःच बाह्या सरसावतो. पुण्या-मुंबईत जागा नाही, पण हौस तीच आहे. म्हणून दोन्हीकडच्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा विचार मांडतो आहे, आणि उदाहरणाला घेतो आहे फोर्ड मस्टँगची सहावी पिढी. ती २०१६ मध्ये पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनासह आपल्याकडेही विक्रीला आली होती. तिच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडणीत. मागे जुन्या सरळ ॲक्सलऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि तिथे स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळे बसवलेले आहेत.

आधी मिळते काय, ते पाहू. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरला, तर २५ मिलिमीटर उतरवल्याने वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार पाच टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा खरा आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा मोठा नाही. शिवाय मॅकफर्सनची एक खोड आहे. गाडी जेवढी उतरते त्याहून तिचे रोल सेंटर, म्हणजे वळणावर ती ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, जास्त खाली जाते, म्हणजे गाडीला बाजूला झुकवणाऱ्या तरफेचा हात उलट लांबतो. ते भरून काढायला स्प्रिंग कडक करावीच लागते. चांगल्या कंपन्या आखूडपणा आणि कडकपणा यांचा हिशेब एकत्र करतात तो यासाठी. जर्मनीतल्या फिनेनट्रोप गावात १९५१ मध्ये सुरू झालेल्या आयबाखसारखी कंपनी हाच हिशेब करते.

आपल्याकडे काही ठिकाणी मूळ स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापतात, नाहीतर गॅसने तापवून ती बसवतात. तापवलेल्या स्प्रिंगचे पाणी उतरते. कापलेल्या स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही आणि खड्ड्यात चाक लोंबले की ती जागेवरून सरकू शकते. या प्रकाराला दुसरी बाजू नाही. तो करू नये.

आता घरच्या कामाची बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. लोअर आर्मच्या बुशचेच पाहा. गाडी उचललेली असते, आर्म खाली लोंबलेला असतो, आणि घाईतला मेकॅनिक तशाच अवस्थेत त्याचा बोल्ट आवळून मोकळा होतो. चाके जमिनीला टेकली की आर्म वर जातो आणि बुशमधले रबर पिळले जाते. ते पुढे कायम पिळलेलेच राहते. काही महिन्यांनी रबर चिरते, पुढून टकटक येऊ लागते आणि दोष नव्या स्प्रिंगवर ढकलला जातो. बरोबर रीत अशी : आर्मखाली जॅक देऊन त्याला गाडी उभी असतानाच्या उंचीला आणायचे, मग बोल्ट आवळायचा, तोही टॉर्क रेंचने, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. यासाठी प्रत्येक बाजूला थोडा जास्त वेळ लागतो. गिऱ्हाइकांची रांग असलेल्या गॅरेजात तो मिळेलच असे नाही. रविवारी स्वतःच्या गाडीखाली काम करणारा तो देतो. आटे ब्रशने साफ करणे, एबीएसची वायर ताणली जाऊ नये म्हणून आधी सोडवणे, ब्रेकचे कॅलिपर होजवर लोंबत न ठेवता तारेने बांधणे, ही सगळी धीराची कामे आहेत. ज्याने आपल्या गाडीचा स्ट्रट हातात धरला आहे, त्याला पुढे तिचा प्रत्येक नवा आवाज ओळखता येतो. हे ज्ञान विकत मिळत नाही.

पण याच कामात एक टप्पा असा आहे की तिथे धीर पुरा पडत नाही. स्ट्रट बाहेर काढला की स्प्रिंग त्यावर दाबलेल्या अवस्थेत असते आणि तिला धरून ठेवतो तो वरचा एकच नट. तो सोडण्याआधी स्प्रिंग आणखी दाबावी लागते. मिलिमीटरला २५ न्यूटन कडकपणाची स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात सुमारे २८० ज्यूल ऊर्जा साठते. घरातले भरलेले गॅस सिलिंडर जवळजवळ मीटरभर उंचीवरून पायावर पडावे, एवढी. घरी वापरायचा स्प्रिंग कॉम्प्रेसर म्हणजे दोन लांब स्क्रू आणि त्यांना प्रत्येकी दोन आकडे. ते समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळीसारखी वाकते, आकडा वेढ्यावरून घसरू लागतो, आणि तेव्हा माणसाचे तोंड त्या नटापासून हातभर अंतरावर असते. इम्पॅक्ट गनने हे स्क्रू फिरवणारे तर आटेच खाऊन टाकतात.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नवी स्प्रिंग आखूड असल्याने ती बसवताना फारसे दाबावे लागत नाही. सगळा धोका जुनी काढताना असतो, म्हणजे हात सरावण्याच्या आधी. मागच्या बाजूलाही स्प्रिंग वेगळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लोअर आर्म जॅकवर सावकाश खाली आणत गेले तर ती सुटी होते, आर्म अचानक सोडला तर ती उडते.

म्हणून माझे मत असे की या कामाची वाटणी करावी. चाके काढणे, लिंक सोडवणे, स्ट्रटचे बोल्ट काढणे हे घरी करावे. दोन्ही स्ट्रट तसेच उचलून, दुसऱ्या गाडीतून, जिथे जमिनीला किंवा भिंतीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर आहे अशा वर्कशॉपमध्ये न्यावेत, स्प्रिंगा बदलून घ्याव्यात आणि परत येऊन स्वतःच्या हाताने जोडावेत. वर्कशॉपला हे थोडक्यात होणारे काम आहे. आपल्या हौसेतला जीवघेणा भाग तेवढा बाहेर जातो, शिकण्याचा भाग जवळ राहतो. ज्यांना हेही कमीपणाचे वाटते, त्यांच्याशी मी सहमत नाही.

जॅकबद्दल कोणतीही तडजोड नको. गाडी चार जॅक स्टँडवर, सपाट काँक्रीटवर, आणि खाली जाण्याआधी बाजूने जोरात हलवून पाहिलेली. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडचा पाय रुततो आणि उतारावर तो सरकतो. तशी जागा असेल तर काम घरी करण्याचा विचारच सोडावा.

जोडणी झाली म्हणजे काम संपले असेही नाही. गाडी उतरली की चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर आणि टो, दोन्ही बदलतात. व्हील अलाइनमेंट न करता गाडी चालवत राहिले तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये झिजते. हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यावा लागतो. चाकाला वर जायला उरणारी जागा कमी होते, त्यामुळे गाडी शेवटच्या रबरी अडसरावर, म्हणजे बंप स्टॉपवर, लवकर आदळते, आणि मूळ शॉकअपवर त्याच्या मापाबाहेरच्या कडक स्प्रिंगचा ताण कायम येत राहतो.

उरतो रस्ता आणि कायदा. भारतीय रोड काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा गोल, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. मस्टँगच्या दोन ॲक्सलमधले अंतर २.७२ मीटर. म्हणजे पुढची-मागची चाके एकाच वेळी त्या उंचवट्यावर असतात, आणि गाडीच्या पोटाखाली तो जेमतेम साडेपाच सेंटिमीटर वर येतो. दहा सेंटिमीटर क्लिअरन्स उरलेली गाडीही यावरून जाईल. अडचण नियमाच्या स्पीडब्रेकरची नाहीच. शाळेसमोर, मंदिरासमोर, गावाच्या वेशीवर रातोरात उभा राहिलेला हातभर रुंदीचा उंचवटा आपली पूर्ण उंची पोटाखाली आणतो. महाराष्ट्रात रोज चालणाऱ्या गाडीची गाठ याच्याशी आहे. पावसाळ्यातल्या खड्ड्यांचे वेगळे सांगायला नको.

कायद्याकडे पाहिले तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगते. आरसी बुकात स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते, म्हणून बदल चालतो, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदी पोकळ नाही. पण १८२अ मध्ये नवे सुटे भाग बसवण्याचाही उल्लेख आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा हा युक्तिवाद मालकाला एकट्यालाच लढवावा लागतो.

हे असेच असायला हवे, असे मात्र मला वाटत नाही. जर्मनीत लो करायच्या स्प्रिंगा चाचणीच्या अहवालासह विकल्या जातात, बसवल्यावर अधिकृत तपासनीस गाडी पाहतो आणि बदलाची नोंद होते. जपानने किमान क्लिअरन्स नऊ सेंटिमीटर ठरवून दिला आहे. आपल्याकडेही सीएनजी किटसाठी हीच पद्धत आहे : मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणी, आरसीवर नोंद. सीएनजीची दाबाखालची टाकी या मार्गाने डिकीत बसू शकते, तर तपासलेली स्प्रिंग का बसू नये? त्यासाठी लागणारी चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने उतरवण्याची मर्यादा ठरवावी, चाचणी झालेल्या संचांची यादी करावी आणि आरटीओत नोंदीची सोय द्यावी. मग लपूनछपून स्प्रिंगा कापणाऱ्यांवर कारवाई करायला सरकारला खरा अधिकार येईल.

ती सोय होईपर्यंत, परदेशातल्या वाचकाने आपल्या राज्याचा नियम वाचून, विमा कंपनीला लेखी कळवून हे काम जरूर करावे, स्ट्रटवरची स्प्रिंग तेवढी वर्कशॉपमध्ये बदलून घ्यावी. इथल्या वाचकाची गाडी ट्रेलरवरून इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर जाणारी असेल, तर तिलाही हेच लागू. रोज आरसी बुक घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीला मात्र कंपनीच्याच स्प्रिंगा राहू द्याव्यात.