सुपिनच्या काठाने

रजा प्रवास सवलतीचा कालखंड संपत आला की बँकेच्या शाखाशाखांतून एक ठरावीक दृश्य दिसू लागते. नकाशे उघडले जातात, आठ दिवसांत सात शहरे बसविली जातात आणि सहलीहून परतलेला कर्मचारी प्रवासाचा शीण घालविण्यासाठी आणखी एका दिवसाची रजा मागतो. ग्राहकवर्गाची सहलही याहून फारशी निराळी नसते. जितकी स्थळे अधिक तितकी पैशांची वसुली अधिक, हा हिशेब इतका रुजला आहे की एखाद्याच खोऱ्यात चार-पाच दिवस केवळ पायी चालण्यासाठी जाणारा मनुष्य विक्षिप्त ठरतो. वास्तविक पाहता हा हिशेबच एकदा तपासून पाहण्यासारखा आहे.

उत्तराखंडातील हर की दून या खोऱ्याचे उदाहरण घेता येईल. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी असा सुमारे 200 किलोमीटरचा घाटरस्ता ओलांडला की सांकरी हे गाव येते. वाटेत नैटवाड येथे रूपिन आणि सुपिन या नद्यांचा संगम होतो व पुढील प्रवाहाला टोन्स हे नाव मिळते. ही टोन्स यमुनेला मिळते तेव्हा तिचे पाणी यमुनेपेक्षा अधिक असते; नाव मात्र यमुनेचेच टिकते. भांडवल एकाचे आणि पेढीवरील पाटी दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

सांकरीपुढचे गाव ‘तालुका’. मराठी वाचकाने येथे कचेरीचा शोध घेऊ नये. हे गावाचेच नाव आहे. पायी जाणाऱ्यांची जुनी वाट येथून सुपिनच्या काठाने गंगाड, ओसला, सीमा अशी वर जाते आणि 3566 मीटर उंचीवरील कुरणांपाशी पोहोचते. समोर 6252 मीटर उंचीचे स्वर्गारोहिणी शिखर उभे असते. पांडव याच मार्गाने स्वर्गाला गेले, अशी श्रद्धा आहे. तालुकाहून जाऊन-येऊन हे अंतर सुमारे 50 किलोमीटर भरते. मोटारीला जे अंतर दोन तासांचे, त्यासाठी येथे चार दिवस लागतात; आणि ते लागावेत हेच उत्तम. सुमारे 3000 मीटरच्या वर शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवधी द्यावा लागतो. मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण 500 मीटरहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. घाई करणाऱ्यास डोकेदुखी व मळमळ तत्काळ जागेवर आणतात.

परंतु सावकाशपणाचा खरा लाभ प्रकृतीपुरता नाही. ओसल्याचे देवालय पाहावे. बाहेरच्या लेखनात ते ‘दुर्योधनाचे मंदिर’ म्हणून गाजले आहे. गावकरी मात्र ते सोमेश्वराचे असल्याचे सांगतात. छायाचित्र काढून तासाभरात परतणारा प्रवासी पहिली कथा घेऊन येतो. गावात रात्र काढणाऱ्याच्या कानी दुसरी पडते. शरदात राजगिऱ्याच्या शेतांचा रक्तवर्ण, राजमा, ओढ्यावर फिरणारी पिठाची घराटे, देवदाराच्या लाकडाची एकमेकांना खेटून उभी घरे या साऱ्यांशी ओळख होण्यास पायांचीच गती लागते.

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो. अलीकडच्या वर्षांत तालुकाच्या पुढेही मोटाररस्त्याचे काम सरकत गेले आहे. पायी फिरणाऱ्या मंडळींत याविषयी हळहळ फार. शांतता गेली, वाट बाटली, असे उद्गार निघतात. ही हळहळ प्रामाणिक असेल, पण ती न्याय्य नाही. ज्या गावातून अडलेल्या बाळंतिणीला वा आजारी वृद्धाला पाठीवर अथवा खाटेवर घालून कित्येक किलोमीटर न्यावे लागले, त्या गावाने शहरी पाहुण्याच्या चार दिवसांच्या शांततेखातर रस्ता नाकारावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते? सफरचंदाची पेटी वेळेवर मंडईत पोहोचण्याचा प्रश्न आहे तो वेगळाच. हा परिसर 1955 साली स्थापन झालेल्या गोविंद पशुविहार अभयारण्यात येतो. तेव्हा रस्ता कोठवर न्यावा, दगडमातीचा राडा नदीत जाऊ नये म्हणून काय करावे, यावर अवश्य वाद व्हावा. तो वाद गावकऱ्यांच्या गरजेपासून सुरू व्हावा, पर्यटकाच्या रुचीपासून नव्हे. चालणाऱ्याला वरच्या कुरणांत पुरेशी वाट अद्याप शिल्लक आहे.

पैशाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. दूरच्या महानगरात सहलीचे सारे पैसे आगाऊ भरले तर त्यांतील किती भाग खोऱ्यात पोहोचतो, हे प्रवाशाला कळत नाही. सांकरीतच वाटाड्या व खेचरवाला ठरविला आणि गावातील घरी मुक्काम केला, तर रक्कम थेट त्या हातांत पडते. आणि घासाघीस? शहरातील उपाहारगृहाचे देयक निमूट चुकते करणारा गृहस्थ ओझेवाल्याच्या मजुरीवर पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे दृश्य शोभणारे नाही.

बँक कर्मचाऱ्यांना या बाबतीत एक संधी अनायासे लाभली आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2021 च्या परिपत्रकानुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यास दरवर्षी सलग किमान 10 कामकाजाच्या दिवसांच्या रजेवर, तीही पूर्वसूचना न देता, पाठवावे लागते आणि त्या काळात कार्यालयीन ई-मेलखेरीज कामकाजाच्या साधनांशी त्याचा संबंध ठेवला जात नाही. नियमाचा हेतू गैरव्यवहारास आळा घालणे हा आहे. विश्रांतीचा विचार त्यात असेलच असे नाही. तथापि सांकरीपुढे मोबाइलचा भरवसा धरता येत नसल्याने या नियमाचे पालन तेथे इतरत्र कोठल्याही स्थळापेक्षा अधिक काटेकोर होईल! अचानक मिळालेल्या रजेत आगगाडीचे आरक्षण मिळविणे हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंतचा काळ सोयीचा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा त्या दिवसांत जाऊ नये. नैटवाडच्या वनचौकीवर परवान्याची पूर्तता करावी आणि पुरेशी रोख रक्कम, तीही सुट्या नोटांत, वाटेतील मोठ्या गावातूनच सोबत घ्यावी. पाचशेची नोट मोडून देणे ओसल्यातील घरधनिणीला नेहमीच जमेल असे नाही.