भाटा जमीन पडीक आहे काय?

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि धानाच्या प्रदेशात एक उद्योगनगरी वसली. या नगरीभोवतालच्या मैदानातील शेतकरी मात्र आजही मातीला तिच्या गुणांवरून ओळखतो. कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा ही तिची चार नावे. पहिल्या तिन्हींत धान पिकते. उंचवट्यावरची भाटा जमीन तांबडी, मुरमाड असते. तिच्यात पाणी टिकत नाही. म्हणून ती ‘पडीक’ ठरते.

पीक येत नाही म्हणजे जमीन निरुपयोगी, हा समज चुकीचा आहे. अशा उघड्या माळावर गवत वाढते, गावाची गुरे चरतात. टिटवी खड्यांमध्येच अंडी घालते; ती खड्यांसारखीच दिसत असल्याने शत्रूच्या नजरेतून सुटतात. चंडोल आणि धाविक हे पक्षीही जमिनीवरच घरटे करतात. त्यांना दाट झाडी नव्हे, मोकळी जागा हवी असते.

सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळांचीही गणना झाली. जमिनीला एकदा ‘पडीक’ म्हटले की तिच्यावर बांधकाम करणे किंवा झाडे लावणे हेच पुण्यकर्म वाटू लागते. वृक्षारोपण चांगलेच; परंतु माळावर दाट झाडी केली तर सावलीत गवत मरते आणि गवतावर जगणारे जीव निराधार होतात.

महाराष्ट्रातील माळढोकाची कथा हेच सांगते. सोलापूरजवळच्या नान्नजसह विस्तीर्ण माळरानांवर १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. तरीही शेती, रस्ते, विजेच्या तारा वाढत गेल्या आणि माळ तुटत गेले. आज देशभरात हे पक्षी दोनशेहूनही कमी उरले आहेत. इंग्लंडमध्येही सन १८०० नंतर सखल भागातील झुडपी माळांपैकी सुमारे चार पंचमांश नाहीसे झाले. उरलेले माळ राखण्यासाठी तेथे आता वाढलेली झाडे तोडावी लागतात, गुरे चारावी लागतात.

गावाला घरे हवीत, उद्योगही हवेत. हे नाकारता येणार नाही. मात्र जमीन देण्यापूर्वी तिच्यावर कोण जगते, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक गावाने भाटा जमिनीचा एक तुकडा तरी चराऊ माळ म्हणून राखावा. जी जमीन माणसाला धान देत नाही, तीही कोणाचे तरी घर असते.