एक सही, सात मिनिटं

परवा एचआरच्या मॅडमनी डेस्कवर एक फॉर्म आणून ठेवला. 'बस, एक सही.' मी ठोकली. टीम मॅनेजर होऊन जेमतेम तीन महिने झालेत, त्यामुळे सहीचं कौतुक अजून संपलेलं नाही. कॅब, रजा, बिलं... दिसेल तिथे सही! नंतर सहज वाचलं: 'नवव्या मजल्यावरील फायर ड्रिल यशस्वी. सर्व कर्मचारी 7 मिनिटांत खाली.'

ड्रिल झालं होतं, नाही असं नाही. पण सायरन वाजला तेव्हा अर्धी टीम आधीच टपरीवर कटिंग मारत होती. चौघं क्लायंटच्या कॉलवरून हललेच नाहीत. मी उतरलो, पण लिफ्टने. आणि टीममधली एक जण, जिला सातवा महिना चालू आहे, ती जागेवरच बसून राहिली. काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे, मी.

पवईत नोकरी करणाऱ्याने तरी लिफ्टचा हा शहाणपणा करू नये. जून 2015 मध्ये इथेच, चांदिवलीच्या लेक होम्समधल्या आगीत 7 जण गेले. त्यातले काही लिफ्टमध्येच गुदमरले. त्याच्या आदल्या वर्षी, 18 जुलै 2014 ला, अंधेरीचं लोटस बिझनेस पार्क पेटलं. ती तर ऑफिसांचीच बिल्डिंग, आपल्यासारखीच काचांची. ती विझवताना अग्निशमन दलाचा एक जवान गेला.

संध्याकाळी गॅलेरियात वकील मैत्रीण भेटली. तिला म्हटलं, 'आपल्याला काय, हे बिल्डिंगवाल्यांचं काम. नाहीतर अ‍ॅडमिनचं.'

ती हसली. 'महाराष्ट्राचा 2006 चा आगीचा कायदा मालक किंवा भोगवटादार म्हणतो. मजला भाड्याने घेतलेली तुमची कंपनी भोगवटादारच की! यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. पाहिलंयस कधी?'

मी सँडविचकडे बघितलं.

सेफ्टी वगैरे कारखान्यांचं प्रकरण, अशी माझी ठाम समजूत होती. हेल्मेट, गमबूट, पिवळे पट्टे. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षेची संहिता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ऑफिसलाही लागू होते. त्यात एम्प्लॉयर म्हणजे आस्थापनेचा अंतिम ताबा ज्याच्याकडे आहे तो. आणि कारभार मॅनेजरकडे सोपवलेला असेल, तर तो मॅनेजर.

'म्हणजे मी?' मला घामच फुटला.

'शेफारू नकोस. अख्ख्या ऑफिसचा कारभार ज्याच्याकडे, तो. तुला आठ माणसं दिलीत.' मग जरा थांबून म्हणाली, 'पण धोका दिसला तर वर कळवायचं, हे साध्या कर्मचाऱ्याचंही कर्तव्य आहे त्यात. तू तर सगळं छान आहे म्हणून लिहून दिलंस.'

रात्री झोप नीट लागली नाही. वरच्यांनी कायद्यातून पळवाट काढली असती तर मीच कॅन्टीनमध्ये तासभर बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी जिन्याचं दार उघडलं. पाण्याचे रिकामे जार, मोडक्या खुर्च्या, दिवाळीची तोरणं. टीममधल्या दोघांना घेऊन तासाभरात वाट मोकळी केली. मग तिला विचारलं, नऊ मजले उतरायला जमेल का? ती म्हणाली, 'नऊ कशाला? सातव्यावर रेफ्युज एरिया आहे ना, तिथवर जाते.' हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

हळूहळू उतरलो, कठडा धरून, मध्ये एकदा थांबून. सातव्यावर पोचलो तर रेफ्युज एरियाला कुलूप. चावी सिक्युरिटीकडे आणि सिक्युरिटी तळमजल्यावर.

वर येऊन फॉर्म परत मागितला. 'आता? ऑडिट सोमवारी आहे!' मॅडम म्हणाल्या. मी '7 मिनिटांत' खोडलं, बाजूला कुलपाचं, जिन्याचं आणि माझ्या लिफ्टचंही लिहिलं, आणि पुन्हा सही केली. बॉसचा मेल आलाय: 'कॉल मी.' अजून केला नाहीये. आधी चावी मिळवतोय.