वेळेचा रोजमेळ



रोजमेळ जुळल्याखेरीज दुकान वाढवायचे नाही, हा दंडक आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या काळापासून आहे. चार रुपयांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत दिवाणजी उठत नसत. त्याच घरात ‘आज दिवसभर काय केले?’ असे कोणी विचारले, तर मात्र ‘दुकानात होतो’ एवढ्या दोन शब्दांत अकरा तासांची नोंद संपते.

आमच्या घरी हा प्रश्न उभा केला तो धाकट्या मुलीने. ती सी.ए.ची आर्टिकलशिप करते. रोज हार्बर लोकलने पनवेलहून मुंबईस जाते. तिच्या कार्यालयात टाइमशीट भरावी लागते. कोणत्या अशिलाच्या कामाला किती वेळ दिला, हे त्याच दिवशी लिहायचे. एका रविवारी मी तिच्यापुढे माझ्या अकरा तासांची फुशारकी मारली. तिने विचारले, ‘‘पप्पा, ते अकरा तास कोणाच्या नावे टाकायचे?’’

खरे तर मोजलेला वेळ आपल्या घरांना परका नाही. सामायिक दोन घडींचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. वाळूची घडी दोनदा उलटली की ते पूर्ण होते. नवकारशीसाठी सूर्योदयानंतर तेवढीच मिनिटे मोजतो, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणारा माणूस पंचांग पाहूनच डबा उघडतो. धर्मकार्याचा वेळ मिनिटांवर तोलणारे आपण धंद्याचा वेळ मात्र अंदाजपंचे मोजतो.

आणि हा अंदाज नेहमी आपल्याच बाजूने झुकतो. व्यवस्थापनशास्त्राचे जाणकार पीटर ड्रकर यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात एका कंपनीच्या अध्यक्षांची हकिगत दिली आहे. आपला वेळ वरिष्ठ सहकारी, मोठे ग्राहक आणि समाजकार्य यांत सारखा वाटला जातो, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्ष नोंदीत निघाले निराळेच. ओळखीच्या ग्राहकांच्या ऑर्डरी कुठवर आल्या, हे पाहण्यात आणि त्यासाठी कारखान्याला दूरध्वनी करण्यात त्यांचा बराचसा दिवस जात होता. ती नोंद त्यांना प्रथम खरीच वाटली नाही. मला ती वाचता क्षणी खरी वाटली. तो गृहस्थ आपल्या बाजारपेठेतला असावा असेच वाटले.

रशियातील कीटकशास्त्रज्ञ अलेक्सांद्र ल्युबिश्चेव यांनी १९१६ पासून १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या वेळेचा हिशेब लिहिला. काम केव्हा सुरू केले, केव्हा संपले, मध्ये किती वेळ खंड पडला तो वजा, आणि महिन्याअखेर बेरीज. आपल्या शब्दांत सांगायचे तर रोजमेळ आणि खतावणी.

साधनांचा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. मुलीने माझ्या मोबाइलवर टॉगल हे ॲप घालून दिले. काम सुरू करताना एकदा बोट लावायचे, संपले की पुन्हा. एकाच जागी बसून काम करणाऱ्यास ते उत्तम. कापडाचे ठाण उलगडताना फोन कुठे ठेवला हेच आठवत नाही, तेव्हा मी तीन दिवसांत ते सोडले. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची ‘पोमोदोरो’ पद्धतही करून पाहिली. टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावरून तिला हे नाव पडले: २५ मिनिटे एकच काम, मग थोडी विश्रांती. आपल्या घडीहून एकच मिनिट जास्त! हिशेबाला, पत्रव्यवहाराला ती फार उपयोगी. गिऱ्हाईक समोर असताना मात्र निरुपयोगी, कारण गिऱ्हाईक घड्याळ पाहून येत नाही.

शेवटी कामी आली ती साधी वही. पानावर गिऱ्हाईक, माल, वसुली, हिशेब, प्रवास आणि प्रतीक्षा असे सहाच रकाने. काम बदलले की त्याच क्षणी वेळ टाकायची. विसरलो तर जागा कोरी ठेवायची. रात्री आठवून भरलेला आकडा म्हणजे खोटी पावती.

पंधरा दिवसांनी बेरीज केली. सर्वांत मोठा रकाना प्रतीक्षेचा निघाला, रोज जवळजवळ तीन तास. यावर मुलीशी माझा वाद झाला आणि तो मी अजूनही सोडलेला नाही. उघड्या दुकानात वाट पाहणे हा धंद्याचाच भाग आहे. त्याला वाया गेलेला वेळ म्हणणाऱ्याने गादीवर बसून पाहावे. परंतु त्यांतील दुपारचे दोन ते चार हे दोन तास रोज, न चुकता, रिकामे होते, हे मला नाकारता आले नाही. वसुलीचे फोन मी सकाळी करत होतो, आणि सकाळीच गिऱ्हाईक ताटकळत होते.

एक रकाना मात्र जवळजवळ कोराच राहिला होता: हिशेब. दुकानाची बिले, जीएसटीची जुळवणी, उधारीची यादी, सारे वेळेवर होत होते; मग ते करत होते कोण?

मुलीने दुसरी वही पुढे ठेवली. त्याच पंधरा दिवसांची, आईची. रात्री साडेनऊ ते साडेअकरा, बहुतेक रोज, ‘दुकानाचा हिशेब’. त्याआधी सायंकाळी, ‘दुकानाचा डबा’. बावीस वर्षे मी त्याला ‘ती जरा बिले बघते’ असे म्हणत आलो. तिच्या उपाश्रयातील स्वाध्याय-वर्गाची गोष्ट निघाली की ‘रात्री दमते, सकाळी उठवत नाही’ असे ती सांगे, आणि मी प्रकृतीचे कारण समजत असे. आमच्या कोणत्याही वहीत तिच्या नावे कधी एक ओळ पडली नव्हती.

पत्नी यावर काही बोलली नाही. तिने वही बंद केली आणि चष्मा पुसला.

आता दुपारी दोन ते चार बिलांची जुळवणी मी गादीवर बसून करतो. वसुलीचे फोन त्यानंतर. माझ्या हातून चुका होतात. रात्री ती एकदा नजर टाकते आणि नेमकी चूक दाखवते. त्याला वीस मिनिटे लागतात. ती वीस मिनिटे मी तिच्या नावे लिहितो.