उकाडा हा घराचा दोष आहे

भाड्याच्या घराचं छप्पर गळलं तर मालक निदान ओशाळतो. प्लास्टिक पाठवतो, सुतार पाठवतो. तेच छप्पर मार्च ते मे माणसांना भाजून काढतं, तेव्हा मात्र ती निसर्गाची करणी ठरते आणि भाडेकरूने ती मुकाट सोसायची असते. मला हे अजिबात मान्य नाही. गळणं हा घराचा दोष असेल, तर तापणं हाही घराचाच दोष आहे, आणि तो मालकाने स्वखर्चाने निस्तरला पाहिजे.

सिंधुदुर्गातल्या माझ्या आरोंद्यातली जुनी घरं बघा. वर मंगळुरी कौलं, त्याखाली रिपा, वासे, आणि माणसांच्या डोक्यावर लाकडी फळ्यांचा माळा. कौल तापायचं, पण त्याची धग माळ्यावरच अडायची. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची. नारळ, भात, सरपण ठेवायच्या त्या जागेने पिढ्यान्‌पिढ्या घर थंड ठेवलं.

मग वांदरांनी कौलं फोडली, दरवर्षी ती परतायला माणसं मिळेनात, लाकूड महागलं. कौलं काढून पत्रे आले. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण पत्र्याबरोबर माळाही गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. अशा उघड्या पत्र्याखालच्या खोल्या आज शिक्षकांना, परिचारिकांना, तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात नोकरीला जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या जातात. मालक स्वतः अशा खोलीत एक दुपार काढणार नाही.

मी काढतो आहे. उन्हात पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. तोच पत्रा खाली बसलेल्या माणसावर दिवसभर धग टाकत असतो, आणि पंखा वरची गरम हवा खाली ढकलतो. संध्याकाळी पत्रा लवकर निवतो, पण त्याने तापवलेल्या चिऱ्याच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात. कूलरचा उपयोग नाही. खाडीकाठच्या दमट हवेत पाण्याने गारवा येत नाही. उरतो एसी. त्याचं बिल भाडेकरूचं, छप्पर मालकाचं. मालकाच्या कंजुषीचे पैसे दर महिन्याला मी महावितरणला भरतो.

मी मालकाला फोन केला. पत्र्याखाली चकचकीत फॉइलची बबल शीट लावू या, खर्च निम्मा निम्मा. उत्तर आलं, "उकाडो काय माझ्याच घरात आसा? तुमका जमणा नसात तर खोली खाली करा." सगळा खर्च मी करतो म्हटलं, तर पत्र्याला हात लावायचा नाही, आणि लावलंच तर जाताना काढून न्यायचं नाही. पैसा माझा, घाम माझा आणि मागे उरेल ती मालमत्ता त्यांची! ही सरळ सरळ लुबाडणूक आहे.

कायद्यात तरी काय आहे? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 भाडेकरूला एवढं देतं, की मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने कळवूनही केली नाही, तर आपण करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण तापलेलं छप्पर ‘दुरुस्ती’त धरतो कोण? त्यात आपल्याकडे 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. त्यात राहणारा कायद्याने भाडेकरूसुद्धा नसतो. तक्रार केली की पुढचा करार होत नाही. केंद्राने 2018 मध्ये इको निवास संहिता आणली, छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली. पण ती 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी. पत्र्याखालचा माणूस तिच्या हिशेबातच नाही.

हे जगात कुठे जमत नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये 2018 पासून ऊर्जेच्या मोजमापात ‘ई’ श्रेणीच्या खाली असलेलं घर, काही अपवाद सोडता, नव्याने भाड्याने देता येत नाही. फ्रान्सने 2025 पासून सर्वांत खालच्या ‘जी’ श्रेणीची घरं भाड्याच्या बाजारातून बाहेर काढायला सुरुवात केली. तिथलं दुखणं थंडीचं, आपलं उन्हाचं. जबाबदारी मात्र दोन्हीकडे घर भाड्याने देणाऱ्याचीच. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. महाराष्ट्राने निदान भाड्याच्या घरांपासून सुरुवात करावी.

काम अवघड नाही. पत्र्यावर चांगल्या प्रतीचा पांढरा छत-रंग द्या. नुसता चुना पहिल्या पावसात धुऊन जातो. खाली फॉइल लावा, पण तिच्या चकचकीत बाजूपुढे हवेची पोकळी ठेवा. त्या बाजूला फळी टेकवली की फॉइल फुकट गेली. वायरींजवळ उघडा थर्माकोल नको, तो पेटतो. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोकं पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तिथे वेगळी चौकट उभारून छत करा. ते छत पावसाचा पत्र्यावरचा कानठळ्या बसवणारा आवाजही कमी करील.

भाडेकरूंनो, करारावर सही करण्याआधी दुपारी दोन वाजता खोलीत जाऊन उभे राहा. छपराखाली काय लावणार, कोणाच्या खर्चाने आणि कधीपर्यंत, हे करारात लिहून घ्या. आणि मालकांनो, तुमच्या वाडवडिलांनी माणसाच्या डोक्यावर माळा दिला होता. तो तुम्ही काढलात. त्याची भरपाई करा, नाहीतर त्या पत्र्याखालच्या जागेला घर म्हणून भाडं मागू नका.