शिवडीच्या हवेला सोलापूरचा हिशोब लावू नका

घरगुती इन्क्युबेटर विकणारे सगळ्यांना एकच सांगतात, "पाण्याचा ट्रे कायम भरलेला ठेवा." मला हे अजिबात पटत नाही.

माझा भाचा शिवडीला चाळीत राहतो, तोही आषाढात ट्रे भरत होता. म्हटलं, बाबा, थांब. शिवडी खाडीकाठची, पावसात हवा आधीच ओली. तीच हवा मशीनमध्ये 37.5 अंशाला तापली तरी आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहते. पहिल्या 18 दिवसांना तेवढी पुरे. वर पाणी ओतलं की अंड्यातला ओलावा बाहेर पडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू कवचातच गुदमरतं. सोलापुरात मार्चमध्ये उलटं. तिथं ट्रे कोरडा राहिला तर पिल्लू पापुद्र्याला चिकटून मरतं.

आणि पिल्लं मेली की विकणारा म्हणतो, "अंडीच खराब होती." तो मोकळा, पैसे आपले गेले.

त्यापेक्षा काटा घ्या. 50 ग्रॅमचं अंडं नवव्या दिवशी 47, अठराव्या दिवशी 44 ग्रॅमच्या आसपास हवं. जास्त भरलं तर पाणी कमी करा, कमी भरलं तर वाढवा. शेवटचे 3 दिवस अंडी फिरवणं बंद आणि आर्द्रता 65 च्या पुढं. तेव्हा शिवडीतही पाणी लागतंच.

आणि "नव्वद टक्के पिल्लं" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: फलित अंड्यांतली, का ठेवलेल्या सगळ्या अंड्यांतली?