भेटीला जाणारी माणसे संपत चालली आहेत

वसईच्या धर्मग्रामांत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नेमाने जाणारे जे स्वयंसेवक आहेत, ते आता स्वतःच सत्तरीला टेकले आहेत. कुणाचे गुडघे गेले, कुणाला दिसेनासे झाले, कुणाच्या घरातच आजारपण. त्यांची जागा घ्यायला मागे कोणी नाही. ही गोष्ट सगळ्यांना दिसते आहे, तरी त्याबद्दल कुठे बैठक झाल्याचे ऐकिवात नाही. आज हालचाल केली नाही, तर आणखी काही वर्षांनी आपली देवळे सणाला भरतील आणि त्याच गावातली म्हातारी माणसे महिनोन्‌महिने कोणाचे तोंड पाहणार नाहीत.

या भेटींचे मोल बाहेरून कळत नाही. 1973 साली पोप पॉल सहावे यांनी प्रापंचिकांनाही आजाऱ्यांपर्यंत कम्युनियन नेण्याची मुभा दिली. तेव्हापासून रविवारची मिस्सा आटोपली, की गळ्यातल्या पिशवीत कम्युनियनची लहानशी डबी घेऊन कुणी ना कुणी घरोघर निघते. घरात टेबलावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती. प्रार्थना दहा मिनिटांत होते. पण मुरलेली स्वयंसेविका त्यानंतर उठत नाही. तिची नजर खिडकीतल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे जाते. गेल्या खेपेला जेवढ्या गोळ्या होत्या, तेवढ्याच आजही दिसल्या, तर ती विचारते. आजी म्हणते, घेते गं. मग ती स्वयंपाकघरात डोकावते. भात कालचा, दूध नासलेले. पायाची सूज वाढलेली. ती तिथूनच दुबईतल्या मुलाला फोन लावते, शेजारच्या सुनेला हाक मारते आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायला रिक्षा ठरवून मगच निघते. मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉल करत होता. पण पडद्यावर त्याला आईचा चेहरा दिसायचा, पाय दिसत नव्हते.

अशी घरे वाढत आहेत. तरणी मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. जी इथे राहिली ती पहाटेची विरार लोकल पकडतात आणि रात्री परततात. ज्या वाडीत पूर्वी तीन पिढ्या एकत्र राबत, तिथे आज दुमजली बंगला आहे आणि त्यात एकच दिवा लागतो. गेलेल्या मुलांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याच पैशांवर कितीतरी आईबापांचे औषधपाणी चालले आहे. पैसे मोजले की सांभाळायला बाई मिळते, असे सर्रास सांगितले जाते. मिळते, आणि ती कूस बदलते, अंग पुसते, वेळेवर भरवते. हे काम फार मोठे आहे. पण बहुतेकदा ती बाई परगावची असते, तिला या माणसाचे आयुष्य ठाऊक नसते आणि तीही त्या घरात एकटीच असते. शिवाय तिचा पगार परवडणारी घरे किती?

तरुणांना हे काम झेपणारे नाही, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. त्याला इतिहासाचा आधार नाही. गरिबांच्या घरी जोडीने जाऊन भेटणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची सुरुवात 1833 मध्ये पॅरिसमध्ये झाली, ती विद्यार्थ्यांनी केली. त्यांच्यातला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलाला आपण काय देतो? सणाच्या गर्दीत वाहने लावण्याचे काम, नाताळच्या गोठ्याची सजावट, क्रीडामहोत्सवाचे आयोजन. ही कामेही हवीत. पण आजाऱ्याच्या खाटेजवळ कसे बसायचे, हे त्याला कोणी शिकवलेच नाही. दृढीकरणाच्या वर्गात वर्षभर पाठांतर होते. त्या वर्षात जाणत्या स्वयंसेविकेबरोबर एकाच घरी महिन्यातून दोनदा जायचे, एवढे तरी ठरवायला काय हरकत आहे?

ज्या स्वयंसेविका आज हे काम करतात, त्यांचीही आपण आबाळच केली. रिक्षाचे पैसे त्या स्वतःच्या पर्समधून देतात. स्मृतिभ्रंश झालेला माणूस चिडून अंगावर आला तर काय करावे, उचलून बसवताना स्वतःची कंबर कशी वाचवावी, ‘मला आता जगायचे नाही’ असे कोणी म्हणाले तर ते कोणाला सांगावे, यातले काहीच त्यांना शिकवलेले नसते. वर्षानुवर्षे ज्याच्या घरी जात होतो तो गेला, की अंत्यविधीला फुले वाहायची आणि पुढच्या रविवारी त्या दारावरून पुढच्या घरी जायचे. हे दुःख त्या कुणाजवळ बोलतात, असे कधी कोणी विचारले आहे का? चांगल्या मनाने होणारी हानीही आहे. कुणाला कर्करोग झाला की ‘प्रार्थना करा’ म्हणून नावासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी जाते, घरच्यांना विचारलेलेही नसते. खाजगीपणाचे, पैशांचे, घराच्या किल्ल्यांचे साधे नियम लेखी हवेत. त्यात स्वयंसेवकाचेही रक्षण आहे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अशाच एका दुर्लक्षाची नोंद आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जात होत्या, आणि तक्रार झाली. प्रेषितांनी त्यांना सबुरीचा उपदेश केला नाही. सगळ्यांना बोलावले आणि सात जणांची नावे घेऊन त्यांच्यावर काम सोपवले. स्तेफन त्यांतलाच. पहिल्या पिढीच्या ख्रिस्तसभेला ही बाब इतकी निकडीची वाटली. आपल्याला ती पॅरिश कौन्सिलच्या कार्यक्रमपत्रिकेतही घ्यावीशी वाटत नाही.

हे जमते, याचा दाखला दूर शोधायला नको. केरळात मलप्पुरम आणि कोझिकोड भागांत असाध्य आजाराच्या रुग्णांची देखभाल करण्यासाठी गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले गेले, त्यांच्या पाठीशी डॉक्टर आणि परिचारिका उभ्या केल्या गेल्या. सर्व धर्मांचे लोक त्यात आले. 2008 मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी धोरणच जाहीर केले. आपल्याकडे तर निवृत्त परिचारिका गावोगाव आहेत, आरोग्यसेवेत मुरलेल्या धर्मभगिनी आहेत, वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलेले समूह आहेत. त्यांना एकत्र बसवणारे मात्र कोणी नाही.

आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची यादी करावी, आणि तिच्या शेजारी दुसरी यादी आजच्या स्वयंसेवकांची, वयासकट. जिथे एकाच बाईच्या नावापुढे दहा-बारा घरे निघतील, तिथे त्याच आठवड्यात तिच्याबरोबर जाणारा दुसरा माणूस नेमावा. सणाच्या आराशीच्या खर्चातून प्रवासाचा आणि प्रशिक्षणाचा पैसा काढावा आणि तो हिशेबात वेगळा दाखवावा. धर्मगुरूंनी महिन्यातून एक संध्याकाळ फक्त या स्वयंसेवकांसाठी राखून ठेवावी. आणि जी स्वयंसेविका आता स्वतः जिना चढू शकत नाही, तिचे नाव पहिल्या यादीत घ्यायला कोणी विसरू नये.